पेटीत उरलेला अर्धा

मी एक अर्धा दगड बोलतोय. अर्धाच, आणि आता तर त्याहूनही कमी. दुसऱ्या अर्ध्याची हकीकत पुढे येईल, पण आधी एक सांगून टाकतो, मी काही रस्त्यावर पडलेला दगड नाही. दोनशे बारा मीटर खोलीवरून, हिऱ्याच्या दातांनी कापून मला वर आणलंय. मनगटाएवढा जाड, वीतभर लांब, आणि मधोमध उभा चिरलेला. सपाट बाजू वर, गोल बाजू खाली, असा मी एका पत्र्याच्या पेटीतल्या खणात झोपलोय. पेटीवर पांढऱ्या रंगाने लिहिलंय, 'भोक ७, पेटी ५३'. हाच माझा पत्ता. शहर नवी मुंबई, शिरवण्याला लागून असलेला एमआयडीसीचा पट्टा, बिस्किटांच्या कारखान्याशेजारचं गोडाऊन. दुपारी वास छान येतो. दगडाला वास कसा कळतो, असं विचारू नका. शेजार मिळाला की कोणालाही कळतो.

माझा जन्म दीडशे कोटी वर्षांपूर्वीचा. तिथी आठवत नाही. सगळं तापलेलं आणि पातळ होतं, मग फार सावकाश थंड होत गेलं, एवढं आठवतं. थंड होताना त्या रसातले जड थेंब खाली बसले. त्या थेंबांत लोखंड होतं, गंधक होतं, थोडं तांबं होतं, आणि माणसांना हल्ली ज्याचं वेड लागलंय ते निकेलही होतं. तुमच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत आणि स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांत ते असतं म्हणे. आमच्याकडे ते नुसतं असायचं. कोणी कौतुक केलं नव्हतं आणि आमचंही काही अडलं नव्हतं.

पूर्व विदर्भातल्या एका टेकडीखाली आमचं घर होतं. टेकडीचं नाव मी सांगणार नाही. नाव कळलं की माणसं जमिनी विकत घ्यायला धावतात, असं मी गोडाऊनमधल्या गप्पांत ऐकलंय. टेकडीवर मोहाची झाडं आहेत आणि पायथ्याशी चाळीस-पन्नास उंबऱ्यांचं गाव. गुरांच्या खुरांचा आवाज इतक्या खाली पोचत नाही हे खरं, पण वर कोणीतरी राहतंय एवढं आम्हाला जाणवायचं आणि बरं वाटायचं.

मग एका वर्षी वरून घरघर सुरू झाली. टेकडीला नऊ भोकं पाडली गेली. सातव्यात मी सापडलो. आत हिऱ्याचे दात बसवलेली एक पोकळ नळी गोल गोल फिरत खाली आली, मला सभोवार कापलं आणि पोटात घेऊन वर गेली. मी वर आलो तेव्हा पूर्ण होतो. गोल, गुळगुळीत, लाटण्यासारखा. एका बाजूला काशाच्या वाटीसारखा तांबूस पिवळा पट्टा होता आणि दुसरी बाजू काळपट हिरवी, साधी, जराशी ओबडधोबड. नळीतून बाहेर येताच मशीनवरचा एक माणूस ओरडला, "लागलं रे, लागलं!" मला वाटलं, कोणाला तरी जखम झाली. पण सगळे हसत होते आणि माझे फोटो काढत होते.

माणसांचं हे मला अजून कळलेलं नाही. आमची टेकडी विदर्भात, तिच्यावर हक्क सांगणारी कंपनी दुसऱ्याच राज्यात, आणि आमचा निकाल लावणारी माणसं बेलापूरच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर. निकाल म्हणजे काय, तर ही टेकडी खणणं परवडेल की नाही. त्यासाठी आमच्या पेट्या ट्रकमधून इथे शिरवण्याला आल्या.

इथे मला गंगाराम भेटले.

गंगाराम गमरे. मूळचे मंडणगडकडचे, शिरवण्यात राहतात, वय सत्तावन्न. काम, दगड कापणं. एकतीस वर्षं तेच केलं. आल्या आल्या वॉचमनला "जयभीम" म्हणायचं, डबा खिडकीत ठेवायचा, शर्ट काढून खिळ्याला अडकवायचा, मशीनला पाणी लावायचं, आणि पहिल्या दगडाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे पँटला पुसायचे. आमच्यातला प्रत्येक जण त्यांच्या त्या पुसलेल्या हातांतून गेलाय. इतक्या हळुवारपणे मला ना त्याआधी कोणी उचललं, ना त्यानंतर. मशीनवरच्या त्या ओरडणाऱ्या माणसाने तर मुळीच नाही.

ते निवृत्त व्हायला तेव्हा पाच महिने राहिले होते. बेलापूरच्या ऑफिसचे मालक नंदकुमार यांनी त्यांना शब्द दिला होता, "गंगाराम, रिटायर झालात तरी गोडाऊन तुमीच बघायचं. तुमच्यावर डोळे मिटून विश्वास आहे." हे वाक्य गंगाराम डबा खाताना वॉचमनला आठवड्यातून दोनदा तरी सांगायचे. घरी बायकोला, चांगुणाबाईंना तर रोजच सांगत असतील. एकतीस वर्षांत एक पेटी इकडची तिकडे झाली नाही, एक चिठ्ठी चुकली नाही. हीच त्यांची कमाई होती, आणि ती त्यांच्या चालण्यात दिसायची.

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. जमिनीतून काढलेला दगड उभा चिरतात. एक अर्धा पिशवीत भरून प्रयोगशाळेत जातो. तिथे त्याची पूड करतात आणि कशात किती निकेल आहे ते मोजतात. दुसरा अर्धा पेटीतच राहतो. कधी कोणाला शंका आली तर बघता यावं म्हणून. कुठून चिरायचं याची लाल रेघ भूगर्भशास्त्र शिकलेलं माणूस आधी मारून देतं, आणि चिरल्यावर नेहमी ठरलेल्या हाताचाच तुकडा पाठवायचा असतो. दिसायला तो कसाही असो.

आमच्या वेळी रेघ मारली गेली नाही. ती मारायची होती क्षिप्राने. क्षिप्रा म्हणजे ऑफिसातली तरुण मॅडम. त्या आठवड्यात तिला दुसऱ्या एका कामावर पाठवलं होतं. तिने फोन केला, "काका, तुम्ही इतकी वर्षं कापताय, तुम्हीच मधून चिरा." गंगाराम खूश झाले. एवढा विश्वास म्हणजे मोठीच गोष्ट.

माझी पाळी आली. पाण्याची धार, पात्याचा किंचाळणारा आवाज, आणि मी दोन झालो. दुखलं का? दुखण्यापेक्षा चमत्कारिक वाटलं. दीडशे कोटी वर्षांत पहिल्यांदाच मी स्वतःला बाहेरून पाहिलं. माझ्यासमोर माझा भाऊ पडला होता. पिवळा पट्टा जवळजवळ सगळा त्याच्याकडे गेला होता. पाण्याने ओला झाल्यावर तर तो असा उजळला की गंगाराम म्हणाले, "वा, राजा!" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काळपट. कडेला पिवळ्याचा एखादा ठिपका, बस.

त्यांनी भावाला पिशवीत घातलं, चिठ्ठी टाकली, गाठ मारली. मला पेटीत ठेवलं. त्या दिवशी आणि पुढेही रोज ते असंच करत राहिले. उजळ ते पिशवीत, साधं ते पेटीत. संध्याकाळपर्यंत आमची पेटी म्हणजे मागे राहिलेल्यांची चाळ झाली.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. भावाला शहर दिसणार, प्रयोगशाळा दिसणार, आकडा मिळणार, आणि मी आपला पत्र्याच्या खणात. दोन महिने मी कोणाशी बोललो नाही. शेजारचा दोनशे अकरा मीटरवाला समजूत घालायचा, पण तोही उरलेलाच. त्याचं कोण ऐकणार?

मार्चमध्ये आकडे आले. पेटीत पडल्या पडल्या मी ऐकलं. भरीव पट्ट्याची सरासरी एक पूर्णांक चार टक्के! नंदकुमार स्वतः गोडाऊनमध्ये पेढे घेऊन आले. "सात मीटर जाडी, एक पूर्णांक चार! क्षिप्रा, रिपोर्ट शुक्रवारपर्यंत टाक. सोमवारी कंपनीवाले येतायत." त्यांनी गंगारामच्या तोंडात पेढा घातला, आणि गंगारामनी त्यातला अर्धा मोडून वॉचमनला दिला. मोठा अर्धा.

क्षिप्राने पेढा हातातच ठेवला. ती तशीच आहे, सावकाश. तिच्या नावाने हा पहिलाच रिपोर्ट जाणार होता. चांगुणाबाई एकदा डबा घेऊन आल्या होत्या तेव्हा त्यांनी तिला विचारलं होतं, "मॅडम, एका दगडावरून कसं कळतं हो तुमाला, अख्ख्या डोंगराचं?" तेव्हा ती म्हणाली होती, "एका दगडावरून नाहीच कळत, मावशी. माल किती भरीव आहे, थर किती जाड आहे, किती खोल आहे, आणि शेजारच्या भोकातही तेच सापडतंय का, हे सगळं बघायचं. ही टेकडी एवढी खोल खणायची तर निदान एक पूर्णांक दोन टक्के हवेत. त्याच्या खाली गेलं तर दगड फोडायला जेवढं लागेल तेवढंही त्यातून निघणार नाही. वर ते गाव उठवावं लागेल ते वेगळंच." चांगुणाबाई म्हणाल्या होत्या, "मग नीट बघा हो बाय."

ती नीट बघायला गुरुवारी आली. पेट्या ओळीने उघडल्या. मला उचललं आणि, सांगायला लाज वाटते, सरळ चाटलं. ही शिकलेली माणसं दगड चाटतात. ओला झाला की आतलं स्पष्ट दिसतं म्हणे. पाण्याची बाटली शेजारी होती, पण सवय!

मग ती थबकली. मला उलटं केलं, सुलटं केलं. पेन्सिलीच्या टोकाला लावलेलं लोहचुंबक माझ्यावर टेकवलं. आमच्या पिवळ्या पट्ट्याला ते चिकटतं. माझ्यावरून ते घसरून गेलं. तिने बाजूचा दगड घेतला. तोही तसाच. पिशवीतून एक मशीन काढलं, दुकानात सामानावर धरतात त्या बंदुकीसारखं, आणि माझ्या अंगावर दाबलं. काही क्षणांनी त्यावर आकडा उमटला. शून्य पूर्णांक चार.

"काका, जरा येता?"

गंगाराम हात पुसत आले.

"कापल्यावर कुठला अर्धा पिशवीत टाकायचात?"

"चांगला," गंगाराम म्हणाले.

"चांगला म्हणजे?"

"ज्याच्यात चमक जास्त तो. मॅडम, बाहेर जाणारा माल आहे, चार लोक बघणार. वाईट कसा पाठवायचा?" ते हसले. "आमची आई मासा करायची ना, पाहुणा आला की मधला तुकडा त्याच्या ताटात. डोकं, शेपटी आपल्याला. उरलेलं काय, घरातच राहणार."

क्षिप्रा खाली बसली. जमिनीवरच, धुळीत. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "आधीपण असंच करायचात?"

"आधी चुनखडी असायची. दोन्ही अर्धे सारखेच, कुठला पण टाका." मग त्यांचा आवाज उतरला. "काय झालं मॅडम?"

तिने त्यांना समजावलं. तिच्या समजावण्यात राग नव्हता, पण ऐकता ऐकता गंगारामही तिच्यासमोर धुळीत बसले. आम्हा दोघा भावांत मिळून जे होतं तेच टेकडीत होतं. लॅबने फक्त उजळ भावंडं मोजली होती. आकडा खरा होता आणि तरी टेकडीबद्दल खोटं सांगत होता. आणि तो आला होता एका माणसाच्या पाहुणचारामुळे.

"म्हंजे माझ्यामुळे गाव उठलं असतं?" त्यांनी विचारलं.

"अजून उठलं नाहीये, काका. आणि रेघ मारायला मीच आले नव्हते."

शुक्रवारी नंदकुमार आले. ते वाईट नाहीत, घाईत असतात. "लॅबचं सर्टिफिकेट आहे ना आपल्याकडे? मग कशाला टेन्शन घेतेस?"

"सर, लॅबने त्यांना मिळालं ते मोजलं. आपण निवडून पाठवलं, त्याचं काय?"

"बरं, मग रिपोर्टमध्ये लिही, कटिंग करणाऱ्या कामगाराची चूक. त्याला काढून टाकल्याचं पण टाक. कंपनीला काहीतरी दाखवायला पाहिजे. दोन महिन्यांनी जाणारच आहेत ते."

"मग रेघ न मारणाऱ्या बाईलापण काढा," क्षिप्रा म्हणाली. नंदकुमार मोबाईल कानाला लावून बाहेर गेले. फोन वाजलाच नव्हता.

हे सगळं गंगारामनी ऐकलं. ते पलीकडे पात्याला तेल देत होते, आणि तेल देण्याचं काम कधीच संपलं होतं.

शनिवारी सुट्टी असते. तरी सकाळी कुलूप उघडलं. गंगाराम एकटेच होते. त्यांनी आमच्या पेट्या एकेक करून उतरवल्या, पुसल्या, ओळीत लावल्या. माझ्यापाशी आले तेव्हा मला हातात घेऊन स्टुलावर बसले. तळवा माझ्या चिरलेल्या बाजूवरून फिरत होता.

"तुला मी शेपटी समजलो रे," ते म्हणाले.

मला जीभ असती तर मी सांगितलं असतं की माझा राग तेव्हाच गेला. दोन महिन्यांचा अबोला त्या एका वाक्यात विरघळला. पण दगडाचं प्रेम दगडाच्या पोटातच राहतं. मी फक्त त्यांच्या हातात गरम होत गेलो.

सोमवारी कंपनीकडून राजलक्ष्मी मॅडम आल्या. केस पांढरे, पायात जाड बूट, बोलणं मोजकं. कोणी खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. क्षिप्राने शंका सांगितली, मशीन माझ्यावर दाबून दाखवलं. राजलक्ष्मी मॅडमनी मला उजेडात धरलं आणि विचारलं, "कटिंग कोणी केलं?"

नंदकुमार म्हणाले, "आमचा एक लेबर होता, त्याला आम्ही..."

"मी कापले," गंगाराम म्हणाले. ते खिळ्यावरचा शर्ट घालून, वरचं बटणसुद्धा लावून उभे होते. "होता नाही, मॅडम, आहे. गंगाराम गमरे. चांगले तुकडे निवडून मीच पाठवले. कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, बाहेर जाणार ते चांगलं जायला पाहिजे. चूक माझी. शिक्षा काय द्यायची ती द्या, पण ह्या आकड्यावर तिकडच्या लोकांना उठवू नका."

एकतीस वर्षांची कमाई त्यांनी स्वतःच्या हाताने समोर ठेवली होती. मी राजलक्ष्मी मॅडमच्या मुठीत होतो, आणि ती मूठ जराशी घट्ट झाली ते मला कळलं.

"उरलेले सगळे अर्धे आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत. एक पण हललेला नाही."

"किती नमुने परत करायचे?"

"अडतीस," क्षिप्रा म्हणाली.

"अर्ध्याचे पाव करा. रेघ मारून, तुझ्यासमोर." त्यांनी मला माझ्या खणात परत ठेवलं, बरोबर त्याच बाजूने. ते सगळ्यांना जमत नाही. मग नंदकुमारांकडे वळून म्हणाल्या, "आणि दुसऱ्या कोणाला कापायला देऊ नका. ह्यांनाच द्या. चूक कशी होते ते आता इथे ह्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही."

मंगळवारपासून काम सुरू झालं. क्षिप्रा लाल पेन्सिलीने रेघ मारायची आणि म्हणायची, "डावा, काका." गंगाराम चिरायचे आणि डाव्या हाताचा तुकडा पिशवीत टाकायचे. पहिल्या दिवशी त्यांचा हात तीनदा उजळ तुकड्याकडे गेला. तीनदा त्यांनी तो मागे घेतला. जुनं वळण, इतक्या लवकर कसं जाईल? चौथ्या वेळी ते स्वतःवरच खेकसले, "गप रे हाता!" आणि क्षिप्रा खळखळून हसली. गुरुवारनंतर त्या गोडाऊनमध्ये पहिल्यांदाच कोणी हसलं होतं.

मी पुन्हा चिरला गेलो. माझा कडेचा तो एकुलता पिवळा ठिपका उजवीकडे आला, म्हणजे तो माझ्याकडेच राहिला. डावा पाव अगदी काळाकुट्ट होता. गंगारामनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काळा तुकडाच पिशवीत टाकला. त्यांच्या हाताला तो किती जड गेला असेल, ते मीच जाणतो.

तीन आठवड्यांनी आकडे आले. उरलेल्या अर्ध्यांची सरासरी शून्य पूर्णांक चार. आमचे भाऊ एक पूर्णांक चार, आम्ही शून्य पूर्णांक चार, आणि दोघांचं मिळून शून्य पूर्णांक नऊ. क्षिप्राने तो आकडा तीनदा मोजून पाहिला. शेजारच्या भोकांतही थर बारीक होत जात होता. टेकडी आज परवडणार नाही, असं तिने लिहिलं आणि खाली सही केली. पेढे कोणी आणले नाहीत. मोहाच्या झाडांखालची माणसं त्या दिवशीही आपापल्या कामाला गेली असतील. आपल्या पायाखाली काय ठरलं, हे त्यांना कधी कळणारही नाही. माझे बाकीचे सगळे भाऊबंद अजून तिथेच, अंधारात, न चिरलेले आहेत. त्यांचा मला हेवा वाटतो आणि आनंदही होतो.

रिपोर्टमध्ये शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ आहे. क्षिप्राने ती गंगारामना वाचून दाखवली. 'नमुने निवडण्यातली चूक श्री. गंगाराम गमरे यांनी स्वतः सांगितली आणि स्वतः दुरुस्त केली. रेघ मारण्याची जबाबदारी माझी होती व ती मी पाळली नाही.' गंगाराम म्हणाले, "परत वाचा." तिने परत वाचली. मग त्यांनी त्या पानाची झेरॉक्स मागितली आणि ती घडी न घालता, सरळ ठेवून घरी नेली.

सगळं गोड झालं असं समजू नका. टेकडीचं काम थांबलं, ऑफिसचा खर्च आवळला, आणि निवृत्तीनंतर गोडाऊन बघायचं जे ठरलं होतं ते राहून गेलं. नंदकुमारांनी शाल दिली, नारळ दिला, आणि डोळ्यांत बघायचं टाळलं. गंगारामनी त्यांना हात जोडले. मला मात्र त्या शालीचा फार राग आला.

शेवटच्या दिवशी, मे महिन्याच्या एकतीस तारखेला, चांगुणाबाई डबा घेऊन स्वतः आल्या. तांदळाची भाकरी आणि करावे गावच्या कोळीण पुतळाबाईकडून आणलेल्या सुक्या बोंबलाची चटणी. क्षिप्रापण जेवायला थांबली. तिघं आमच्या पेट्यांना टेकून खाली बसली.

गंगारामनी भाकरी हातात घेतली. मोडणार, एवढ्यात क्षिप्रा म्हणाली, "काका, डावा हं. दिसायला कसाही असो."

"डावाच," ते गंभीरपणे म्हणाले. भाकरी मोडली आणि डाव्या हातातला तुकडा तिच्या ताटात ठेवला. तो चांगला टम्म फुगलेला आणि दुप्पट मोठा होता. क्षिप्रा चटणी वाढून घेण्यात गुंतली होती, तिच्या लक्षात आलं नाही. पण मी पाहिलं होतं. मोडण्याआधी त्यांनी ती भाकरी हलकेच फिरवून घेतली होती. चांगुणाबाईंनीही पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघू लागल्या.

माझा पाव करताना मात्र त्यांनी मला असं फिरवलं नव्हतं, याला साक्षीदार मी आहे.

जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, पँटला पुसले आणि लॅबकडून परत आलेला एक खोका उघडला. आत तपकिरी कागदाची छोटी पाकिटं होती. पूड करून, मोजून झाल्यावर उरलेलं ते परत पाठवतात. कोणी उघडत नाही, खोके तसेच पडून राहतात. गंगारामनी चष्मा लावून एकेक नंबर वाचला. आमच्या उजळ भावंडांची अडतीस पाकिटं शोधायला त्यांना संध्याकाळ झाली. चांगुणाबाई दोनदा म्हणाल्या, "चला आता." ते हलले नाहीत.

माझ्या पेटीपाशी येऊन त्यांनी माझ्या खणातल्या रिकाम्या जागेत एक पाकीट ठेवलं. जिथे पूर्वी माझा भाऊ होता, अगदी तिथे. वरून दोन बोटांनी हलकेच दाबलं, झोपलेल्या मुलाला थोपटतात तसं. "ऱ्हावा दोघं," ते म्हणाले, आणि दिवा घालवून गेले.

त्याला आता बरेच महिने झाले. मी आता पाव आहे आणि भाऊ मूठभर पूड. त्याच्यात चमक उरलेली नाही, तो राखाडी झालाय, माझ्यासारखाच. आम्ही बोलत पडतो. त्याने लॅब पाहिली, मी गंगाराम पाहिले. कोणाचं नशीब जास्त, यावर आमचं एकमत होत नाही.

गोडाऊन लवकरच रिकामं करायचं म्हणतात. उरलेले दगड भरावात टाकून द्यायचे, अशी चर्चा मी ऐकली. तुमच्यापैकी कोणाच्या हाती हे ठरवणं असेल तर एवढंच मागणं आहे. टाकायचं असेल तर टाका, दगडाला मातीचं काय भय! पण आम्हा दोघांना एकाच खड्ड्यात टाका. आणि शिरवण्याच्या नाक्यावर कधी एक शर्टाचं वरचं बटण लावलेला म्हातारा भेटला, तर त्यांना सांगा, भोक सात, पेटी त्रेपन्न, सगळे आपापल्या जागी आहेत. एक पण हललेला नाही.